‘लिटरली’ या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, प्रूफंही तपासते, आणि या कामात मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते एकाच शब्दावरून, लिटरली. भांडण असं की मूळ अर्थ ‘शब्दशः, जसंच्या तसं’, पण लोक ‘मी लिटरली मेले हसून’ असंही म्हणतात, आणि मग शब्दाचा अर्थच उलटा झाला अशी तक्रार होते. कोणी वैतागून विचारतं, कोणी पैज लावून, कोणाच्या मुलीच्या निबंधात टीचरनी लाल रेघ ओढलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यात उत्तरं देण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

लिटरली म्हणजे मुळात काय?

लॅटिनमध्ये लिट्टेरा म्हणजे अक्षर. त्यातूनच लेटर, लिटरेचर, लिटरेट असे शब्द आले आणि लिटरलसुद्धा. लिटरल हे विशेषण इंग्रजीत आलं चौदाव्या शतकाच्या शेवटी शेवटी, आणि तेव्हा त्याचा संबंध मुख्यतः बायबलच्या अर्थाशी होता. मध्ययुगातले धर्मपंडित बायबलमधल्या एकाच शब्दाचे चार-चार अर्थ लावायचे. त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे जेरुसलेम. अक्षराला धरून चाललं तर जेरुसलेम म्हणजे ते दगडामातीचं शहर, रूपकाने बघितलं तर चर्च, नीतीच्या अंगाने माणसाचा आत्मा, आणि चौथा अर्थ म्हणजे स्वर्गातली नगरी. यातला पहिला, दगडामातीवाला अर्थ तो लिटरल. म्हणजे जे अक्षरात लिहिलंय तेवढंच, त्याच्यापुढे काही नाही.

त्याला ली लागला आणि क्रियाविशेषण तयार झालं. जे लिहिलंय तेच, त्याच अर्थाने, उपमा नाही, रूपक नाही.

मराठीत याला नेमका शब्द कुठला, शब्दशः की अक्षरशः?

व्युत्पत्तीने बघाल तर अक्षरशः हा लिटरलीचा सख्खा भाऊच म्हणायला हवा, कारण तिकडेही अक्षर आणि इकडेही अक्षर. तो शः संस्कृतातला, क्रमशः, कोटिशः, अनेकशः यांच्यात येतो तोच. अक्षरशः म्हणजे एकेका अक्षराप्रमाणे, अक्षर न् अक्षर.

पण आज रोजच्या बोलण्यात या दोन शब्दांनी कामं वाटून घेतलीत आणि मला ही वाटणी फार आवडते. शब्दशः हा शब्द जागचा हललेला नाही. शब्दशः भाषांतर, शब्दशः अर्थ घेऊ नकोस, असंच आपण म्हणतो. अक्षरशः मात्र फिरायला निघाला. ‘अक्षरशः खरं आहे’ इथे तो अजून जुन्या घरी आहे, पण ‘भाजीचे भाव ऐकून अक्षरशः घाम फुटला’, ‘अक्षरशः वेड लागायची पाळी आली’, ‘स्टेशनवर अक्षरशः मुंगीला शिरायला जागा नव्हती’, इथे त्याचा अक्षरांशी काय संबंध उरला? आणि हे काही कॉलेजातली पोरं बोलत नाहीत, सकाळच्या पेपरात छापून येतं, भाषणात येतं, आपण कोणीही अडखळत नाही. म्हणजे इंग्रजीत ज्याच्यावरून इतकी डोकेफोड चालते तो प्रवास मराठीच्या शब्दाने आपल्या डोळ्यांदेखत केलाय आणि आपण त्याला एका शब्दाने बोललो नाही. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

मग इंग्रजीत लिटरलीचा अर्थ उलटा कधी झाला?

एका दिवसात नाही झाला, आणि उलटा झाला असं म्हणणंही मला पटत नाही, त्यावर खाली स्वतंत्र लिहिलंय. साधारण तीन टप्पे दिसतात.

पहिला टप्पा वर सांगितला, बायबलवाला. दुसऱ्या टप्प्यात लोक हा शब्द खऱ्याच गोष्टीला, पण जोर द्यायला वापरायला लागले. ड्रायडन नावाच्या कवीची १६८७ सालची एक ओळ आहे, तो म्हणतो की माझी रोजची भाकर मी लिटरली मागून घेतो. ख्रिश्चनांच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ असं येतंच, ते सगळेच म्हणतात, पोट भरलेलेही म्हणतात. हा सांगतोय की माझ्याकडे कोठारं नाहीत, साठवलेलं धान्य नाही, मी जे मागतो ते खरोखरचं मागणं आहे. बघा, इथे शब्दाचा अर्थ जुनाच आहे, पण सोबत एक वजन आलं. ‘अहो खरंच सांगतोय’ असं ते वजन.

आणि एकदा शब्दाला वजन आलं की लोक ते वजन दुसरीकडेही नेऊन ठेवतात. तिसरा टप्पा हाच. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीने या वापराची जुनी नोंद दिलीय ती १७६९ सालची, फ्रान्सेस ब्रुक या बाईंच्या कादंबरीतली. या बाईंचा नवरा क्वेबेकच्या छावणीत पाद्री होता, त्या तिथे राहिल्या आणि तिथल्याच वातावरणावर पत्रांच्या रूपात कादंबरी लिहिली, कॅनडातली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. त्यात एका नशीबवान माणसाबद्दल वाक्य आहे, आल्या आल्या त्याची इतक्या सुंदर बायकांशी ओळख झाली, हे म्हणजे लिटरली लिलीच्या फुलांमध्ये चरण्यासारखंच. लिलीच्या फुलांमध्ये चरणं हे बायबलमधल्या प्रेमगीतातलं आहे. म्हणजे ज्या शब्दाने बायबलातलं रूपक बाजूला ठेवून सरळ अर्थ दाखवायचा, तोच शब्द आता बायबलातल्या रूपकालाच जोर द्यायला उभा केला! अडीचशेहून जास्त वर्षं झाली याला. त्यामुळे ‘आजकालच्या मुलांनी बिघडवला’ हे कोणी म्हणालं की मी शांतपणे १७६९ सांगते.

मोठ्या लेखकांनीही असा वापरलाय का?

हो, आणि भरपूर. डिकन्सच्या निकोलस निकल्बीमध्ये, १८३८-३९ सालात, तो दुष्ट शाळामास्तर पकडून आणलेल्या पोराकडे गप्प उभा राहून बघतो आणि लिटरली डोळ्यांची मेजवानी करून घेतो. मार्क ट्वेनचा टॉम सॉयर, १८७६, पोरांकडून कुंपण रंगवून घेतो आणि दुपारपर्यंत लिटरली संपत्तीत लोळायला लागतो, आणि संपत्ती काय, तर गोट्या, पतंग, मेलेला उंदीर. आपल्याकडेही माणूस पैशात लोळतोच, त्यामुळे हे वाक्य मराठीत अलगद येतं. जेम्स जॉइसच्या १९१४ सालच्या पुस्तकातल्या शेवटच्या कथेची सुरुवातच अशी आहे की लिली नावाची मुलगी लिटरली पाय तुटेस्तोवर धावत होती. ते वाक्य लेखकाचं असलं तरी भाषा लिलीची आहे, ती स्वतः सांगायला लागली असती तर हाच शब्द वापरून सांगितलं असतं.

पण माझं सगळ्यात लाडकं उदाहरण शार्लट ब्राँटीच्या जेन एअर या कादंबरीतलं, १८४७. शेवटी जेन म्हणते की नवरा, रॉचेस्टर, मला ज्या नावाने हाक मारायचा ती मी लिटरली झाले, त्याच्या डोळ्यातलं सफरचंद. आता इंग्रजीत डोळ्यातलं सफरचंद म्हणजे मुळात डोळ्याची बाहुली, आणि त्यावरून अतिशय लाडकी व्यक्ती. रॉचेस्टर आंधळा झालाय. जेन त्याला वाचून दाखवते, शेतं, झाडं, ढग, समोर काय दिसतंय ते सांगते, तो तिच्या डोळ्यांनी बघतो. म्हणजे ती त्याच्या डोळ्याची बाहुली शब्दशः पण आहे आणि लाडकी या अर्थाने पण आहे, दोन्ही एकदम. मराठीत ‘गळ्यातला ताईत’ हा आपला तयार वाक्प्रचार हाताशी येतो, आणि तो वापरला की सगळं संपलं, कारण गळ्यातल्या ताईताला दिसत नाही. माझ्यावर हे वाक्य भाषांतराला आलं तर मी डोळा सोडणार नाही, बाहुलीच ठेवीन, वाक्य थोडं अवघडलं तरी चालेल. एका लिटरलीत दोन्ही अर्थ असे जिवंत ठेवता येतात, हे त्या बाईंनी करून दाखवलंय.

लोक चिडायला कधी लागले?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नीट छापील दिसतं. १९०९ साली अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने शुद्ध-अशुद्ध प्रयोगांचं एक छोटं पुस्तक काढलं, त्यात तो म्हणतो की अतिशयोक्ती करणं एक वेळ वाईट, पण वर ती खरी आहे म्हणून साक्ष देणं म्हणजे सहन न होणारं. गंमत अशी की त्याच १९०९ साली वेबस्टरच्या मोठ्या डिक्शनरीने हा शब्द अतिशयोक्तीसाठी वापरतात अशी नोंद करून ठेवली होती. १९२६ साली फाउलरच्या इंग्रजी वापराच्या पुस्तकात साधारण असं आलं की जिथे ‘शब्दशः नव्हे बरं का, बोलायची पद्धत’ असं सांगायला हवं नेमका तिथेच लोक हा शब्द घालतात.

बिअर्सचा मुद्दा मला समजतो. पण शाळेत अतिशयोक्ती अलंकाराला आपण काय शिकलो ते आठवा. दमडीचं तेल आणलं, सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची दाढी झाली, आणि शेवटी उरलेल्या तेलाचा ओघळ वेशीपर्यंत गेला आणि त्यात उंट पोहून गेला. वर्गातल्या कोणी हात वर करून विचारलं नाही की उंट किती फूट पाण्यात, सॉरी, तेलात पोहला. त्यात ‘अक्षरशः उंट पोहून गेला’ असं म्हटलं असतं तरी कोणी फसलं नसतं, कारण उंटच सांगतो की ही अतिशयोक्ती आहे.

२०१३ मध्ये डिक्शनरीने अर्थ बदलला ना?

नाही. झालं असं की ऑगस्ट २०१३ मध्ये गुगलवर अर्थ शोधताना लिटरलीखाली जोर देण्यासाठीचा वापर दिलाय हे लोकांच्या लक्षात आलं, मग पेपरांनी उचलून धरलं, इंग्रजीचा सत्यानाश झाला वगैरे. ऑक्सफर्डने ही नोंद त्याच्या दोन वर्षं आधी, सप्टेंबर २०११ मध्येच केलेली होती आणि तोवर कोणाला पत्ताही नव्हता. वेबस्टरचं १९०९ तर वर सांगितलंच.

यात एक गैरसमज आहे जो मराठीतही खूप दिसतो, की डिक्शनरीत आलं म्हणजे परवानगी मिळाली. डिक्शनरी परवानगी देत नाही हो. लोक काय बोलतात, काय लिहितात ते कोश करणारे गोळा करतात आणि त्याचा अर्थ लावून ठेवतात. तलाठ्याने सातबारावर नोंद केली म्हणून जमीन तयार होत नाही, ती आधीपासून असतेच.

म्हणजे लिटरलीचा अर्थ आता ‘अलंकारिक अर्थाने’ असा झाला का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि इथेच शिकलेली माणसंसुद्धा चुकतात. नाही झाला. तपासून बघायची सोपी रीत आहे. ‘मी लिटरली मेले हसून’ या वाक्यात लिटरली काढून ‘अलंकारिक अर्थाने’ घाला. ‘मी अलंकारिक अर्थाने मेले हसून.’ असं या जगात कोणी बोलतं का? बोलणारीला ते सांगायचंच नाहीये. तिला सांगायचंय की खूप हसले, नेहमीपेक्षा जास्त, तू तिथे असायला हवं होतंस.

अतिशयोक्ती ‘मेले’ या शब्दात आहे. लिटरली तिला फक्त ढकलतो. म्हणजे शब्दाचा अर्थ उलटा झालेला नाहीये, शब्दच अतिशयोक्तीत सामील झालाय. आपण ‘खरंच सांगते, जीव गेला माझा त्या जिन्यात’ म्हणतो तेव्हा ‘खरंच’चा अर्थ ‘खोटंच’ झाला असं कोणी म्हणतं का? नाही ना. मग लिटरलीलाही तोच न्याय लावा.

बाकी शब्दांचंही असं झालंय?

रांगच आहे. व्हेरी हा जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ या अर्थाच्या शब्दावरून आला, चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चौसर याच्या काळात व्हेरी नाइट म्हणजे खराखुरा सरदार, आता नुसतं ‘फार’. रिअली म्हणजे प्रत्यक्षात, तोही आता ‘फार’. खरेपणाचे शब्द पुन्हा पुन्हा जोराचे शब्द होतात, कारण माणसाला आपलं बोलणं खरं वाटावं याची सगळ्यात जास्त गरज असते. ऑफुली, टेरिबली हे भीतीच्या गावाहून आले, तसा आपला भयंकर. ‘भयंकर गोड आहे गं तुझं बाळ’ यात भय कुठे आहे?

वेळेच्या शब्दांची तर वेगळीच कथा. सून म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘ताबडतोब’, प्रेझेंटलीसुद्धा एके काळी ‘लगेच’, आणि मग दोन्ही घसरत ‘थोड्या वेळाने’वर आले. का घसरले ते मराठी घरात लगेच कळतं. ‘आलोच!’ हे भूतकाळी क्रियापद आहे, आणि म्हणणारा अजून आंघोळीला बसलेला असतो.

होपफुली म्हणजे मुळात ‘आशेने’, तो ‘आशा आहे की’ या अर्थाने वापरण्यावरूनही अमेरिकेत १९६० च्या दशकात मोठा वाद झाला होता, २०१२ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या स्टाइलबुकने तो वापर मान्य केला. आता त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

हे फक्त इंग्रजी-मराठीतच होतं का?

नाही. जर्मनमध्ये बुखश्टाबे म्हणजे अक्षर, त्यावरून बुखश्टेब्लिश, आणि तोही जोर द्यायला वापरतात. रशियनमध्ये बुक्वा म्हणजे अक्षर, बुक्वाल्नो, तेच. फ्रेंच लितेरालमाँ, तेच. इतक्या भाषांमध्ये ‘अक्षर’वरूनच शब्द बनला आणि त्याच वाटेने गेला, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी काम बाजूला ठेवून बराच वेळ तेच वाचत बसले होते. लिहिलेल्या अक्षरावर माणसांचा विश्वास किती, ते यात दिसतं. ‘लिहून देतो’ म्हटलं की आपल्याकडेही विषय संपतो.

मुलं प्रत्येक वाक्यात लिटरली म्हणतात, टोकावं का?

मागच्या पावसाळ्यात माझी भाची कॉलेजातून आली, दप्तरासकट भिजलेली, चपलेतून पाणी निघतंय, आणि दारातूनच, “मावशी, लिटरली वाहून गेले असते मी आज! रस्त्यावर लिटरली नदी होती!” माझी आई आतून टॉवेल घेऊन आली आणि तिला म्हणाली, “सारखं काय गं ते लिटरली लिटरली, मराठीत बोलता येत नाही का?” आणि मग तिचे केस पुसता पुसता माझ्याकडे वळून, “बघ गं, अक्षरशः धुवून निघालीय पोर.”

मी काही बोलले नाही. भाचीच्या मात्र लक्षात आलं, ती टॉवेलमधून म्हणाली, “आजी, सेम!”

तर टोकायचंच असेल तर चूक आहे म्हणून टोकू नका, कारण चूक नाहीये. एकच शब्द दर वाक्यात आला की त्याचा जोर जातो, एवढं सांगा, आणि सोबत चार शब्द द्या. चक्क, साक्षात, अगदी, पार, जाम, नुसती. ‘रस्त्यावर नुसती नदी’ बघा किती छान वाटतं. आणि ‘पार भिजले’ला तर तोड नाही.

भाषांतर करताना लिटरलीला काय करायचं?

आधी विचारायचं की हे खरंच घडलंय का. एकदा माझ्याकडे एका माणसाचा इंग्रजीत लिहिलेला तक्रार अर्ज आला, एका ऑफिसमधल्या वागणुकीबद्दल. त्यात वाक्य होतं की त्यांनी मला लिटरली बाहेर फेकलं. मी सवयीने ‘अक्षरशः हाकलून दिलं’ असं टाइप केलं, वाक्य कानाला मस्त लागत होतं, पुढे गेले, आणि दोन परिच्छेदांनंतर शर्टाच्या तुटलेल्या बटणांचा उल्लेख आला. परत मागे आले. फोन केला. ते म्हणाले, “अहो ताई, कॉलर धरून दाराबाहेर ढकललं, पायरीवर पडलो मी.” मग मी अक्षरशः काढून टाकला आणि लिहिलं, ‘कॉलर धरून दाराबाहेर ढकललं’. त्या अर्जात लिटरली अगदी जुन्या, सतराव्या शतकातल्या अर्थाने आला होता, आणि माझ्या अक्षरशःने तो नुसताच राग करून टाकला असता.

तेव्हापासून माझा नियम असा. गोष्ट खरोखर घडली असेल तर ‘खरोखर’, ‘प्रत्यक्ष’, नाहीतर सरळ काय घडलं ते लिहायचं. शब्दाच्या मूळ अर्थाबद्दल बोलणं चाललं असेल तर ‘शब्दशः’. आश्चर्य असेल तर ‘चक्क’. भावना असेल तर ‘अक्षरशः’ चालतो, आणि पुष्कळदा लिटरली नुसता गाळला तरी मराठी वाक्य जास्त ठसठशीत होतं.

कुठे अजिबात वापरू नये?

जिथे वाचणाऱ्याला खरं-खोटं त्या एका शब्दावरून ठरवावं लागेल तिथे. पोलिसांना दिलेला जबाब, विम्याचा क्लेम, डॉक्टरांना सांगायचं दुखणं. ‘पोट लिटरली फाटतंय’ यापेक्षा कुठे, कधीपासून, दाबलं की वाढतं का, हे डॉक्टरांना हवं असतं. बातमीतही जपून. ‘पुराने पूल अक्षरशः वाहून गेला’ हे वाचून मला आजही कळत नाही की पूल आहे की गेला, आणि पलीकडे ज्यांचं घर आहे त्यांना तर ते आधी कळायला हवं.

उच्चार लिटरली की लिट्रली?

दोन्ही ऐकू येतात. ब्रिटिश बोलण्यात मधला स्वर बऱ्याचदा गिळतात, लिट्रली होतं, आणि अमेरिकन लोकांचा ट इतका मऊ होतो की लिडरलीच्या जवळ जातो. आपण मराठीत चारही अक्षरं वेगळी, ट चांगला ठणठणीत, लि-ट-र-ली. अक्षर न् अक्षर.